टीव्ही आपण उघडावा का?

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



संयोजकांनी मला फोन करून विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, आपल्या सगळ्यांची मुलं आता आपल्याहून जास्त जाणतात, आणि संधी शोधण्याचं आपलं वयही राहिलेलं नाही. मला दुसऱ्या एका गोष्टीवर बोलू द्या. घरातला टीव्ही बिघडला तर तो आपण उघडावा का, यावर. पलीकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, “मॅडम, वीस मिनिटं आहेत, काय बोलायचं ते बोला.” तेव्हा त्यांच्या परवानगीने बोलते.

लोधिवलीत आमच्या आळीत पहिला टीव्ही आमच्या घरी आला. साल १९८७. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं, पण आमच्यापर्यंत ते पोचायला पंधरा वर्षं गेली. त्या वर्षी जानेवारीत रामायण मालिका सुरू झाली आणि बाबांनी हप्त्यावर ब्लॅक अँड व्हाइट संच आणला. लाकडी पेटी, पुढे सरकतं दार, छपरावर मुंबईकडे तोंड केलेला अँटेना. रविवारी सकाळी आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. तुमच्यापैकी निम्मे जण तिथे बसलेले मला आठवतात. काही जण चपला बदलून गेलेलेही आठवतात.

बाबा रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते. पंप, व्हॉल्व्ह, मोटर, जे हाती येईल ते उघडायचे आणि चालू करून द्यायचे. आळीत कुणाची मिक्सरची वाटी अडकली, कुणाच्या सायकलची फ्रीव्हील गेली, की लोक बाबांकडे यायचे. पैसे घ्यायचे नाहीत, चहा घ्यायचे.

१९९३ साली आपण आठवीत होतो. ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं होतं, सगळे दमून झोपले होते. सकाळी रेडिओवर कळलं की पहाटे लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला, किल्लारी आणि आजूबाजूची गावंच्या गावं बसली. आमच्या आळीत लातूरकडचं एक कुटुंब राहायचं, एमआयडीसीत कामाला आलेलं. दुपारपासून त्या काकू आमच्या ओटीवर येऊन बसल्या. संध्याकाळच्या बातम्यांत गावांची नावं सांगतील, काही दिसेल, म्हणून. आणि नेमका आमचा टीव्ही गणपतीतच बिघडला होता. आवाज यायचा, पण चित्राच्या जागी पडद्याच्या मधोमध एकच पांढरी आडवी रेघ.

आज मला माहीत आहे की ती रेघ म्हणजे काय. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत आडवा फिरतो आणि उभाही फिरतो. उभा फिरवणारा भाग बंद पडला की सगळं चित्र एका रेघेत गोळा होतं. बऱ्याचदा कारण अगदी क्षुल्लक असतं, एखादा सोल्डरचा डाग सुटलेला असतो. पण हे तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. बाबांना एवढंच माहीत होतं की मोटर असो की पंप, झाकण उघडलं की बिघाड दिसतो.

त्यांनी प्लग काढला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे कित्येक वर्षं आळीत लोक म्हणत राहिले की यांनी प्लगसुद्धा काढला नव्हता. प्लग मी स्वतः हातात घेऊन बसले होते. बाबांनी मागचं झाकण काढलं, टॉर्च मी धरला. आत धूळ, कोळिष्टकं, आणि ट्यूबच्या बाजूला एक रबराची टोपी, तिच्यातून जाडसर वायर निघालेली. बाबांनी पेचकसने ती टोपी जरा उचलून पाहिली.

चट् असा आवाज झाला. बाबांचा हात असा झटक्यात मागे आला की कोपर ट्यूबच्या मानेवर आपटलं. मान तडकली, आत हवा शिरल्याचा बारीक सूं असा आवाज आला. बाबा मागच्या कपाटावर जाऊन आदळले आणि खाली बसले. तोंड उघडं, पण शब्द नाही. आई ‘अहो, अहो’ करत धावली. त्या लातूरच्या काकू स्वतःचं दुःख विसरून बाबांचे तळवे चोळत बसल्या.

बाबा वाचले. कोपराला चार टाके पडले. टीव्ही मात्र गेला, कारण मान तडकलेली ट्यूब पुन्हा जुळत नाही. पुढे दीड वर्ष आमच्या घरात टीव्ही नव्हता. त्या संध्याकाळी काकूंनी बातम्या दुसऱ्या आळीत जाऊन बघितल्या.

त्यानंतर मी शाळेत आले आणि विज्ञानाच्या सरांना विचारलं, “सर, प्लग माझ्या हातात होता, मग शॉक कसा बसला?” सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही तो तास सोडून दिलात, नेमलेला धडा बाजूला ठेवलात, आणि फळ्यावर पिक्चर ट्यूब काढलीत. काचेला आतून एक वाहक थर, बाहेरून काळा ग्राफाइटचा थर, मध्ये काच. म्हणालात, “दोन वाहक, मध्ये विद्युतरोधक. हे काय झालं?” कुणीतरी म्हणालं, “कपॅसिटर.” तुम्ही म्हणालात, “बरोबर. पिक्चर ट्यूब स्वतःच एक मोठा कपॅसिटर आहे. टीव्ही बंद केला तरी तो भरलेलाच राहतो.” ब्लॅक अँड व्हाइट संचात तिथे दहा हजार व्होल्टच्या वर दाब असतो, रंगीत संचात वीस-पंचवीस हजार. म्हणूनच जाणता मेकॅनिक आधी ट्यूब जमिनीशी जोडून रिकामी करतो, मगच टोपीला हात लावतो.

त्या दिवशी मी ठरवलं की मी इंजिनिअर होणार. पुढे झाले, पण सॉफ्टवेअरची. माझ्या हाताखालून आजवर लाखो ओळींचा कोड गेला असेल, आणि त्यातल्या एकाही ओळीने कुणाला शॉक दिला नाही. ही माझ्या नोकरीची चांगली बाजू.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट.

आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा लोधिवलीच्या घरात एकटे असतात. वय ७८. पुण्याला या म्हटलं की दोन दिवस येतात आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरतात. त्यांचा दिवस टीव्हीवर चालतो. सकाळी अभंग, दुपारी कुठला तरी जुना सामना, सातला बातम्या, आणि आई बघायची ती मालिका. ती मालिका त्यांना आवडत नाही, पण रोज लावतात. याबद्दल आम्ही बोलत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. “अगं, टीव्हीचा आवाज येतोय, चित्र नाही. लावला की एकदा लख्ख होतो आणि काळा पडतो. उघडून बघू का?”

मी ऑफिसात होते, मीटिंग चालू होती. माझ्या तोंडून जे निघालं ते असं : “बाबा, हात लावू नका. पॅनल गेलं असणार. मी नवीन मागवते.” आणि मीटिंग संपायच्या आत ४३ इंची टीव्ही मागवूनही टाकला. पाच मिनिटांत प्रश्न सुटला, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी संदेश आला, ‘ग्राहकाने माल स्वीकारण्यास नकार दिला.’ बाबांनी डिलिव्हरीच्या मुलाला चहा पाजून टीव्हीसकट परत पाठवलं होतं. फोन केला तर म्हणाले, “आपला टीव्ही २०१९ चा आहे. सहा वर्षांत कुणी टीव्ही फेकतं का? आवाज येतोय म्हणजे तो जिवंत आहे.”

शनिवारी मी तणतणत निघाले. घाट उतरले, खालापूर मागे टाकलं, चौक आलं, आणि घरी पोचले तेव्हा बाबांनी टीव्ही भिंतीवरून उतरवून पलंगावर गोधडी अंथरून पालथा ठेवला होता. शेजारी स्टीलची वाटी, स्क्रू ठेवायला. त्यांची जुनी पाने-पेचकसची पेटी. झाकणाला मात्र हात लावला नव्हता. माझी वाट बघत होते.

मी आधी जे करायला हवं होतं ते तेव्हा केलं. टीव्ही पुन्हा टेबलावर उभा केला आणि न उघडता जे तपासता येतं ते तपासलं. प्लग दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिला. सेट-टॉप बॉक्सची वायर काढून दुसऱ्या पोर्टला लावली, मग वायरच काढून टाकली. रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसतो, आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणजे रिमोट चांगला. टीव्ही दहा मिनिटं प्लग काढून ठेवला आणि पुन्हा लावला. एकदा लख्ख झाला, काळा पडला. आवाज चालू.

मग खिडक्या बंद केल्या, खोलीत अंधार केला आणि टॉर्च पडद्याला अगदी जवळून तिरका धरला. आणि दिसलं! टॉर्चच्या गोल उजेडात अगदी फिकट, पण बातम्या देणारी बाई दिसत होती. ओठ हलत होते.

बाबा म्हणाले, “आहे की चित्र!”

चित्र होतं. मी फोनवर ‘पॅनल गेलं’ म्हणाले होते ते साफ चूक होतं. आताच्या बहुतेक टीव्हींचा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्या उजेड देतात आणि पडदा तो उजेड अडवतो किंवा सोडतो. आमच्या टीव्हीत पडदा ठीक होता, मागचा उजेड गेला होता. पॅनल गेलं तर दुरुस्तीत अर्थ नसतो, कारण संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या एका काचेचाच असतो. पट्ट्या मात्र बाजारात मिळतात. न बघता मी चालता टीव्ही भंगारात काढायला निघाले होते.

बाबांनी पेचकस उचलला. “मग आता उघडायचा.”

मी जोरात ओरडले, “हात लावू नका!”

मित्रांनो, माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. तो आईचा आवाज होता. १९९३ नंतर आईने बाबांना घरातली एकही विजेची वस्तू उघडू दिली नाही. कारखान्यात हा माणूस आठ तास यंत्रं उघडायचा, आणि घरी आला की बल्ब बदलायलासुद्धा शेजारच्या मुलाला बोलवायचं. बाबा कधी वाद घालत नसत. आई गेल्यावर तेच काम मी फोनवरून चालू ठेवलं होतं. गीझरला हात लावू नका. इन्व्हर्टरला हात लावू नका. शिडीवर चढू नका.

बाबांनी पेचकस वाटीत ठेवला. जरा वेळाने म्हणाले, “तुला एक सांगतो. त्या वेळी मोहोपाड्याला टीव्हीचा मेकॅनिक होता. सायकलवर वीस मिनिटं. मला माहीत होता तो. पण आळीतले सगळे माझ्याकडे यायचे, मी कुणाकडे जायचं, याची लाज वाटली. आणि त्या बाई ओटीवर बसल्या होत्या.”

बत्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी आईला सांगितली नव्हती. मला पहिल्यांदा सांगत होते.

मी पलंगावर बसले आणि प्रामाणिकपणे विचार केला, की मला नक्की काय येतं? बिघाड कुठे आहे ते मला कळलं होतं. पण पट्ट्या पडद्याच्या मागे असतात. तिथे पोचायचं तर काचेचं पॅनल अख्खं उचलून बाजूला ठेवावं लागतं. ती काच अगदी पातळ असते, आणि तिच्या कडेला कागदासारख्या लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यातली एक ओढली गेली तरी पडद्यावर उभ्या रेघा येतात, त्या कायमच्या. माझ्या कामात चूक झाली तर मी मागची आवृत्ती परत लावते आणि घरी जाऊन झोपते. इथे मागची आवृत्ती नाही. शिवाय पॉवर सप्लायच्या कार्डावर एक मोठा कपॅसिटर असतो, मेकॅनिक लोक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो. आपल्या २३० व्होल्टच्या विजेतून त्यात सुमारे ३२५ व्होल्टचा साठा होतो. प्लग काढल्यावर तो आपोआप उतरायला हवा, पण उतरलाच असेल असं धरून चालायचं नसतं, मल्टीमीटरने मोजायचं असतं. माझ्याकडे मल्टीमीटर नव्हता. आणि असता तरी काच उचलायचा हात नव्हता.

आणि तरी मला विचारायला लाज वाटत होती! इंजिनिअर मुलगी पुण्याहून आली आणि मेकॅनिक बोलावला, आळीत काय म्हणतील? म्हणजे बाबा १९९३ मध्ये जिथे बसले होते, तिथेच मी पलंगावर बसले होते.

तेव्हा मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “मोहोपाडा-चौक भागात टीव्हीचा चांगला मेकॅनिक कोण?” तीन मिनिटांत अकरा उत्तरं आली आणि सगळ्यांत एकच नाव. ते नाव मी आज घेणार नाही, त्याने मला बजावलं आहे की स्टेजवरून नाव घेतलंस तर उठून जाईन. पण तो इथेच बसला आहे, आणि हसू दाबतोय ते मला इथून दिसतंय. दहावीला गणितात राहिला, म्हणून आम्ही शहाण्यांनी त्याला मनातल्या मनात बाद करून टाकला होता. त्याने नंतर आयटीआय केलं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात हात बसवला, आणि गेली वीस वर्षं हेच काम करतोय.

तो तासाभरात आला. दारातच म्हणाला, “काका, तुम्ही बसा इथे, मला एक माणूस लागणारच आहे.” मला म्हणाला, “तू चहा टाक.” मी टाकला.

मग पुढचे दोन तास मी जे बघितलं ते सांगते. झाकणाचे स्क्रू बाबांनी काढले. लांब कुठले, आखूड कुठले, कोणता कुठून निघाला, त्या क्रमाने वाटीत नाही तर कागदावर मांडून ठेवले. फिटरचा हात. आपल्या मित्राने कंडेन्सर मीटरने तपासला आणि मीटर बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. “काका, बघा. शून्याजवळ आलाय. आता हात घाला.” पॅनल उचलताना दोघं समोरासमोर उभे राहिले. रबराचे व्हॅक्यूम कप काचेला लावले. तो म्हणाला, “एक, दोन, तीन,” आणि दोघांनी एकदम उचललं. ७८ वर्षांचे बाबा. हात जरासुद्धा कापला नाही. मी दारात उभी राहून श्वास रोखून बघत होते.

आतल्या पातळ शीट त्याने एकावर एक, आहे त्याच क्रमाने आणि त्याच बाजूने ठेवल्या. खाली पट्ट्या दिसल्या. टेस्टरने तो एकेक एलईडी पेटवत गेला. पेटला, पेटला, पेटला. एक पेटला नाही. त्यावर बारीक काळा ठिपका होता.

मी विचारलं, “एकच गेलाय? मग सगळा टीव्ही का काळा?”

तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, एकसर जोडणी. सरांनी शिकवलं होतं. दिवाळीची माळ. एक गेला की सगळे गेले.”

सर, दहावीला गणितात राहिलेल्या तुमच्या विद्यार्थ्याने, विशेष प्रावीण्य मिळवलेल्या तुमच्या विद्यार्थिनीला, तीस वर्षांनी तुमचाच धडा शिकवला. हे तुम्हाला सांगावं म्हणून मी विषय बदलून मागितला.

त्याने एक एलईडी बदलला नाही, सगळ्या पट्ट्या बदलल्या, कारण बाकीचेही तेवढेच म्हातारे झालेले. पट्ट्यांना जाणारा करंटही थोडा कमी केला, म्हणजे उजेड जरा कमी पण आयुष्य जास्त. एकूण १,८०० रुपये घेतले. मी जास्त देऊ लागले तर म्हणाला, “पावती देतो, तीन महिन्यांची गॅरंटी आहे. मैत्री वेगळी.”

निघताना मी त्याला विचारलं, लोकांनी स्वतः टीव्ही उघडावा का? त्याने जे सांगितलं ते आणि मला जे कळलं ते, दोन्ही मिळून सांगते. घरी गेल्यावर उपयोगी पडेल.

पहिलं, वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू काढू नका. सील तुटलं की पुढचा खर्च आपला.

दुसरं, बऱ्याच तक्रारी टीव्हीच्या बाहेरच्या असतात. सॉकेट, वायर, रिमोट, सेट-टॉप बॉक्स. हे सगळं कुणीही तपासावं, अगदी आजीनेसुद्धा. टॉर्चची तपासणीही कुणीही करावी. त्यात काही उघडावं लागत नाही, आणि मेकॅनिकला फोनवर नीट सांगता येतं. “टीव्ही बिघडला” आणि “आवाज आहे, टॉर्चने चित्र दिसतं, उजेड नाही” यात फरक आहे. दुसरं सांगणाऱ्याला सहसा कुणी फसवत नाही.

तिसरं, काच फुटली असेल, पडद्यात शाईसारखे डाग पसरले असतील, तर उघडून उपयोग नाही. आधी पॅनलची किंमत विचारा, मग ठरवा.

चौथं, जुना डब्यासारखा पिक्चर ट्यूबचा टीव्ही कुणाच्या माळ्यावर असेल तर तो शिकण्यासाठी म्हणून उघडू नका. का ते मी सांगितलंच. भंगारवाल्यालाही देऊ नका. त्या काचेत शिसं असतं आणि भंगारात ती फोडली जाते. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत आणि जुन्या मालाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवरही टाकली आहे.

पाचवं, ज्यांना खरंच हौस आहे, मल्टीमीटर वापरता येतो, डाग देता येतो, त्यांनी पॉवर सप्लायच्या कार्डापर्यंत जरूर जावं. फुगलेला कंडेन्सर डोळ्यांना दिसतो. त्याचं डोकं सपाट असायला हवं, ते वर आलेलं असतं. तो बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि अधिक-उणे बाजू तीच. पण एकट्याने नाही, घाईत नाही, आणि मोजल्याशिवाय नाही. फ्यूज उडाला तर तारेचा तुकडा लावून चालू करायचा नाही. फ्यूज कशाने उडाला ते शोधायचं.

आणि सहावं खास आपल्या भागासाठी. मेअखेरीस आणि परतीच्या पावसात आपल्याकडे जे कडाडतं, तेव्हा नुसता प्लग काढून भागत नाही. डिशची किंवा केबलची वायरही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते. आपल्या मित्राकडे ऑक्टोबरात येणाऱ्या टीव्हींमध्ये असे बरेच असतात.

आणखी एक सांगते. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती, सुट्टे भाग, वॉरंटी, हे ग्राहकाला एका जागी कळावं म्हणून. वस्तू विकत घेताना आपण इंच बघतो, ऑफर बघतो. हिचे सुट्टे भाग मिळतील का, हे विचारत नाही. पुढच्या वेळी विचारा.

बाबांचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते.

टीव्ही भिंतीवर परत लागला. त्या रात्री बाबांनी आईची मालिका लावली, मीही बसून बघितली. काहीही कळलं नाही. नवीन टीव्हीचे पैसे आठ दिवसांनी परत आले.

दिवाळीच्या आधी बाबांचा फोन आला. टेबलफॅन घरघर करत होता, तो त्यांनी उघडला, बुश साफ करून तेल घातलं आणि चालू केला. माझ्या तोंडावर ‘हात लावू नका’ आलंच होतं. तेवढ्यात ते म्हणाले, “उघडायच्या आधी तुझ्या मित्राला फोन केला होता. पंख्यात कंडेन्सर असतो का विचारलं. असतो म्हणाला. कसा उतरवायचा तेही सांगितलं.”

मी म्हटलं, “बरं केलंत.” माझ्याकडून एवढंच निघालं. पण ते त्यांना पुरलं असावं, कारण नंतर पंधरा मिनिटं ते मला बुशबद्दल सांगत होते.

बाबा आज आले आहेत. मागे, दाराजवळ, पंख्याखाली बसले आहेत. ज्यांच्या घरी जुने पंखे, मिक्सर असतील त्यांनी त्यांना कार्यक्रमानंतर भेटायला हरकत नाही. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. टीव्ही असेल तर मात्र ते तुम्हाला शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे पाठवतील.